आत उघडणारं दार, बाहेर उघडणारं दार

घराचं मुख्य दार बहुतेक वेळा आत ढकलून उघडतं. त्यामुळे बिजागऱ्या आतल्या बाजूला राहतात आणि बाहेरून कुणी त्यांची खीळ काढू शकत नाही. दाराचा पल्ला, म्हणजे उघडणारी फळी, बाहेरच्या जाण्यायेण्याच्या वाटेत येत नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला 'जरा मागे सरका' असंही म्हणावं लागत नाही. सभागृह, नाट्यगृह, मोठं दुकान अशा ठिकाणी मात्र बाहेर पडायचं दार बाहेरच्या दिशेनं उघडायला हवं. इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका सभागृहाच्या प्लॅनवर चारही दारांचे पल्ले आत वळणारे काढले होते. प्लॅनमध्ये दार कुठं वळतं हे पाव वर्तुळाच्या चापानं दाखवतात. सरांनी लाल पेनानं चारही चापांभोवती गोल केले आणि एवढंच विचारलं, "आत दोनशे माणसं आहेत आणि सगळी एकदम दाराशी आली, तर पल्ला आत ओढायला मागे सरकणार कोण?"

रेसिडेन्शियल आणि कमर्शियल, म्हणजे राहायच्या जागा आणि कामाधंद्याच्या जागा, असे आमच्या अभ्यासाचे दोन मोठे भाग असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की घर म्हणजे उबदार रंग आणि मऊ सोफे, आणि ऑफिस म्हणजे काच, स्टील आणि पांढरा उजेड. मलाही आधी तसंच वाटायचं. चार वर्षं दोन्हींवर काम केल्यावर मला दिसतो तो फरक ओळखीचा आहे. घर ज्याच्यासाठी करायचं तो माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो. तो डावखुरा आहे का, त्याचे गुडघे दुखतात का, पहाटे उठून तो कुठं बसतो, हे सगळं त्याला विचारता येतं. दवाखाना, ग्रंथालय किंवा दुकान करताना समोर असतो तो मालक. ती जागा वापरणारी माणसं समोर नसतात, आणि त्यांतली बहुतेक आपल्याला कधीच भेटणार नसतात. त्यांची उंची, वय, नजर, घाई, घाबरणं हे सगळं आधीच धरून चालावं लागतं. मापं, उजेड, आवाज, आग या चारही बाबतींत घराचे आणि कमर्शियल जागेचे नियम वेगळे का, हे या एका फरकातून उलगडत जातं.

मापं नेमकी कुणाची?

पहिल्या वर्षी मापांचा तक्ता तोंडपाठ करून घेतात. खुर्चीची बैठक 430 ते 450 मिमी, लिहायचं टेबल 720 ते 750, स्वयंपाकाचा ओटा 850 ते 900, घरातला बोळ कमीत कमी 900 मिमी रुंद. तक्ता उपयोगाचा आहे, पण तो कुणा एका माणसाचा नाही हे तेव्हा कुणी ठासून सांगत नाही.

1950 च्या सुमाराला अमेरिकी हवाई दलानं 4,063 वैमानिकांची मापं घेतली. विमानातली बैठक 'सरासरी' वैमानिकासाठी बेतायची होती. त्या कामावर असलेल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांनी बैठकीसाठी महत्त्वाची दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे वैमानिक किती, हे मोजलं. उत्तर आलं शून्य. उंचीनं मध्यम असलेल्या माणसाचे हात लांब निघत, हात मध्यम असले तर छाती रुंद निघे. सरासरी माणसासाठी केलेली बैठक नेमकी कुणालाच बसत नव्हती. मागेपुढे, वरखाली सरकणाऱ्या सीट आणि पेडल यांच्यामागे हा धडा आहे.

घराच्या कामात यातून सुटायचा मार्ग सरळ आहे: तक्ता मिटवायचा आणि माणूस मोजायचा. इंटर्नशिपमध्ये मी एका घरासाठी ओट्याची उंची ठरवत होते. स्वयंपाक बहुतेक त्या घरातल्या काकूच करायच्या. त्यांना मी भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगितला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. 940 मिमी. चिरणं, निवडणं, कालवणं यांसाठी ओटा कोपराच्या साधारण 100 ते 150 मिमी खाली असावा लागतो. म्हणजे त्यांना 790 ते 840 मधला ओटा हवा होता, आणि त्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या 890 च्या ओट्याशी. तक्त्याप्रमाणे त्या ओट्यात काहीच चूक नव्हती. पण सुरी चालवताना प्रत्येक वेळी त्यांचे खांदे वर उचलले जात होते. "संध्याकाळी खांदे भरून येतात," हे त्या मला आधीच बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. टेप हातात आल्यावर ते वाक्य मला कळलं. आम्ही उंची 820 ठरवली.

कमर्शियल जागेत कोपर कुणाचा मोजणार? तिथं दोन टोकं धरून चालावं लागतं. हात जिथं पोचायला हवा ते माप सगळ्यात बुटक्या माणसावरून घ्यायचं. अंग जिथून जायला हवं ते माप सगळ्यात मोठ्या माणसावरून घ्यायचं. पुस्तकांची वरची फळी बुटक्याच्या हाताला लागली की उंचाची सोय आपोआप होते, आणि बोळातून रुंद माणूस गेला की बारीक माणूस जातोच. जिथं दोन्ही टोकं एका मापात बसत नाहीत, तिथं वस्तू हलती ठेवायची किंवा दोन उंचींची करायची. चांगल्या रिसेप्शन काउंटरचा एक भाग उभ्या माणसाच्या छातीपर्यंत असतो, आणि शेजारचा तुकडा टेबलाइतका खाली उतरलेला असतो. तो व्हीलचेअरवरून येणाऱ्यासाठी, लहान मुलासाठी आणि बसून फॉर्म भरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी असतो.

व्हीलचेअरचा आकडा एकदा डोक्यात बसला की प्लॅन बघायची नजर बदलते. खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळायला 1500 मिमी व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. उताराचं प्रमाण एकास बारा धरतात: दाराशी 150 मिमीची एक पायरी असली तर तिच्यासाठी 1800 मिमी लांब उतार हवा. विद्यार्थी हा उतार सगळ्यात शेवटी काढतात आणि मग तो मावत नाही, म्हणून मी तो आता प्लॅनच्या पहिल्या तासातच बसवते. 1500 चं वर्तुळ कागदात कापून ठेवलं आहे, प्लॅनच्याच स्केलचं. ते दारापासून काउंटरपर्यंत, काउंटरपासून स्वच्छतागृहापर्यंत सरकवत न्यायचं. जिथं ते अडतं तिथं एक खरा माणूस अडणार असतो.

सवयी विचारायच्या कशा

माणूस समोर आहे म्हणून त्याला काय हवं ते तो सांगू शकतो असं नाही. "तुम्हाला कुठली स्टाइल आवडते?" असं विचारलं की लोक मोबाइलमधले फोटो दाखवतात, आणि फोटोत कुणीच राहत नसतं. मी आता वेगळे प्रश्न विचारते. घरात आल्यावर किल्ली कुठं ठेवता? चष्मा शेवटचा कुठं सापडला? घरातल्या दोन माणसांची सकाळी वाट कुठं अडते? ओले कपडे कुठं वाळतात? भांडण झालं की कोण कुठं जाऊन बसतं? या उत्तरांतून प्लॅन निघतो. किल्ली जर रोज सोफ्याच्या हातावर पडत असेल, तर दाराजवळ एक फळी कमी आहे. तिथं टांगलेलं चित्र सुंदर असून भागणार नाही.

कामाचा माग काढून जागा रचायची पद्धत नवी नाही. 1926 साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हालचाली त्यांनी स्टॉपवॉच लावून मोजल्या, आणि आगगाडीच्या डब्यात चिंचोळ्या जागेत स्वयंपाक कसा उरकतात हे अभ्यासलं. साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब एवढ्या जागेत सिंक, शेगडी, इस्त्रीची उघडमीट फळी आणि कोरड्या जिन्नसांचे दांडी असलेले ॲल्युमिनियमचे खण, सगळं हाताच्या टप्प्यात आलं. अशी जवळपास 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. आजचं मॉड्युलर किचन तिथूनच निघालं आहे. पुढं 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 'वर्क ट्रँगल'चा हिशेब पक्का झाला: शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज साधारण 4 मीटरपेक्षा कमी आणि 7.9 मीटरपेक्षा जास्त नसावी. कमी झाली तर अडचण होते आणि जास्त झाली तर पायपीट.

मला या स्वयंपाकघराबद्दल मनापासून आदर आहे, आणि त्याची एक बाजू खटकतेही. ते एका माणसाचंच होतं. दुसरं कुणी मदतीला आलं तर उभं राहायला जागा नाही, आणि काम करणारी बाई घरातल्या बाकी माणसांपासून भिंतीआड गेली. पावलं वाचली, पण तिला सोबत उरली नाही. म्हणून घराचं काम करताना मी घड्याळाबरोबर आणखी एक गोष्ट बघते: या जागेत दोन माणसं पाठीला पाठ न लागता वावरू शकतात का. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये 1200 मिमी ठेवले की हे जमतं. 900 मध्ये एकटीचं जमतं.

अनोळखी माणसांच्या सवयींवरही अभ्यास झाला आहे. 1950 च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका मनोरुग्णालयात हम्फ्री ऑस्मंड हे मानसोपचारतज्ज्ञ आणि रॉबर्ट सोमर हे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. तिथं म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात खुर्च्या भिंतीला लावून रांगेत ठेवलेल्या असत. फरशी झाडायला ते सोपं पडायचं. पण तिथं बसलेल्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. खुर्च्या भिंतीपासून सोडवून लहान टेबलांभोवती मांडल्या, तेव्हा काही आठवड्यांत बोलणं स्पष्टपणे वाढलं. माणसं जवळ आणणारी मांडणी आणि माणसं तोडणारी मांडणी असा भेद ऑस्मंड यांनीच केला. दवाखान्याची प्रतीक्षा खोली आखताना मला या दोन्ही मांडण्या लागतात. सोबत आलेल्या दोघांसाठी काटकोनात ठेवलेल्या खुर्च्या, म्हणजे मान थोडी वळवली की बोलता येतं आणि नको असेल तेव्हा समोर बघता येतं. एकट्या आलेल्या माणसासाठी भिंतीला पाठ असलेली, जिथून दार दिसतं अशी एक खुर्ची. घाबरलेल्या माणसाला पाठीमागे उघडी जागा नको असते.

आवाज, जो प्लॅनवर दिसत नाही

आवाजावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण विद्यार्थ्यांच्या कामात सगळ्यात दुर्लक्ष याचंच होतं. रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर केलेल्या हुबेहूब चित्रात, खोली गुळगुळीत, चकचकीत, रिकामी दिसते आणि डोळ्याला भुरळ पाडते. तशीच्या तशी बांधली की तिथं बोललेलं कळत नाही.

1895 साली हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह वापरता येईना. बोललेला शब्द आत साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे वक्ता पुढच्या वाक्यावर गेला तरी मागचं वाक्य हवेत असायचं. हे दुरुस्त करायचं काम वॉलेस सबाइन या पदार्थविज्ञानाच्या तरुण प्राध्यापकाकडं आलं. त्यानं रात्री, बाहेर शांतता असताना, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून त्या खोलीत पसरल्या. ऑर्गनची नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज विरायला लागलेला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. मग आणखी गाद्या आणायच्या आणि पुन्हा मोजायचं. त्या खटाटोपातून निघालेलं सूत्र आम्ही आजही वापरतो. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला 0.161 नं गुणा, आणि खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांनी मिळून शोषलेल्या आवाजाच्या आकड्यानं भागा. उत्तर सेकंदांत येतं.

करून बघू. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 3 मीटर उंच अशी मीटिंगची खोली घ्या. घनफळ 60 घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून 94 चौरस मीटर. सगळं कडक आहे असं धरा: काच, प्लास्टर, टाइल. असे पृष्ठभाग आवाजाचा साधारण शंभरातला चार भाग शोषतात आणि बाकीचा परत फेकतात. 94 गुणिले 0.04 म्हणजे 3.76. आता 60 ला 0.161 नं गुणून 3.76 नं भागलं की येतात साधारण 2.6 सेकंद. एवढ्या छोट्या खोलीत चार माणसांचं बोलणं एकमेकांत मिसळून जाईल. आता फक्त छत बदला. 20 चौरस मीटर छताला शंभरात सत्तर भाग शोषणाऱ्या टाइल लावा. उरलेले 74 चौरस मीटर कडकच राहू द्या. एकूण शोषण 2.96 अधिक 14, म्हणजे 16.96 होतं आणि वेळ 0.57 सेकंदांवर येतो. वर्गखोलीसाठी 0.6 सेकंदाच्या आसपासचा आकडा चांगला मानतात. एका छतानं काम झालं, आणि भिंतींचा रंग, काच, टेबल कशालाही हात लावावा लागला नाही.

घरात हे गणित बहुधा करावं लागत नाही. गाद्या, पडदे, पुस्तकं, कपड्यांनी भरलेली कपाटं आणि खुद्द माणसं आवाज शोषतात. नव्या रिकाम्या घरात घुमणारा आवाज सामान लागल्यावर जातो तो याच कारणानं. ऑफिसमध्ये कपड्यांची कपाटं नसतात, म्हणून तिथं ही सोय विचार करून आणावी लागते. एक घोटाळा मात्र वारंवार होतो: आवाज शोषणं आणि आवाज अडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ फोम खोलीतला घुमारा कमी करतो, पण शेजारच्या खोलीत जाणारं बोलणं थांबवत नाही. त्यासाठी जड भिंत लागते, आणि ती फॉल्स सीलिंगपाशी न थांबता वरच्या स्लॅबपर्यंत न्यावी लागते. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत हे चुकलं, तर रुग्णाची खासगी गोष्ट बाहेर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाते.

उजेड

उजेडाचं एकक लक्स. ऑफिसच्या टेबलावर 500 लक्स धरतात, बोळात 100 पुरतात, भर उन्हात 1,00,000 पर्यंत जातात. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत पोचतो. वरची कड 2.1 मीटरवर असेल तर चार-पाच मीटरपलीकडं दिवसाही दिवा लागणार. टेबलं खिडकीशी आणि कपाटं आतल्या भागात ठेवायची ती यासाठी.

रंगाची छटा केल्विनमध्ये सांगतात. 2700 पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. आकडा वाढला की उजेड 'थंड' दिसतो, हे पहिल्यांदा उलटं वाटतं. त्याहून महत्त्वाचा आकडा पाकिटावर बारीक अक्षरात असतो: सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात. 80 बहुतेक कामाला चालतो. कपड्यांचं दुकान, आरसा, त्वचा तपासायची खोली यांना 90 च्या वर हवा. मी एकदा सोफ्याचं कापड आणि पडद्याचं कापड दुकानातल्या दिव्याखाली जुळवून आणलं होतं. घरी खिडकीशी धरलं तर एक हिरवट आणि एक तपकिरी. तेव्हापासून नमुना तीन वेळा बघते: सकाळच्या उजेडात, दुपारी, आणि जो दिवा लागणार आहे त्याच दिव्याखाली.

आणि वय. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. विशी-बाविशीत आपण काढलेला मंद, सुंदर बोळ आजीला अंधारा वाटतो, तो तिच्या कुरकुरीमुळे नाही. तिच्या डोळ्यात उजेड खरोखरच कमी जातो. छतावर आणखी झगझगीत दिवे लावले की डोळे दिपतात. त्यापेक्षा पायरीच्या कडेला, पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, ओट्याच्या वरच्या कपाटाखाली वेगळा दिवा दिला तर तिला चालता येतं, काम करता येतं.

आग

आता दारांकडं परत येते. 30 डिसेंबर 1903 रोजी शिकागोच्या इरोक्वा थिएटरला आग लागली आणि 602 माणसं मेली. बाहेर पडायची काही दारं शोभेच्या पडद्यांमागे दडलेली होती, काहींच्या कड्या लोकांना उघडता आल्या नाहीत, काही दारं आत उघडणारी होती. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमध्ये 492 जण गेले. तिथं मुख्य दार गोल फिरणारं होतं. दोन्ही बाजूंनी माणसं ढकलू लागली आणि ते जाम झालं. कापडाची सजावट भराभर पेटली. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात स्टेशन नाइटक्लबच्या आगीत 100 जण गेले. तिथं स्टेजभोवतीच्या भिंतींवर आवाजासाठी पॉलियुरेथिन फोम लावला होता, तो आतषबाजीनं पेटला आणि साधारण 90 सेकंदांत आत माणूस जगू शकणार नाही अशी स्थिती झाली. दुसरी दारं असूनही बहुतेक लोक ज्या दारानं आत आले होते त्याच दाराकडं धावले.

या तिन्ही घटना मी तारखांसकट पाठ केल्या आहेत, कारण त्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट इंटिरियर डिझाइनरच्या हातातली आहे. पडदा कुठं टांगायचा, दार कुठलं बसवायचं, भिंतीला काय लावायचं, हे आपणच ठरवतो. भिंतीच्या अस्तराला आग लागायला किती वेळ लागतो, धूर किती होतो, याचा चाचणी दाखला मागणं हे डिझाइनरचं काम आहे. फिरत्या दाराशेजारी साधं बाहेर उघडणारं दार लागतं. अनेक देशांच्या नियमांत एका खोलीत 50 ते 60 पेक्षा जास्त माणसं मावणार असतील तर दार बाहेर उघडायचं असतं. आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोंडाखाली साधारण 450 मिमी मोकळी जागा सोडावी लागते. तिथपर्यंत कपाट नेलं की पाणी पसरतच नाही. आणि लोक आले त्याच वाटेनं परत धावतात हे माहीत असल्यावर बाहेर पडायचं दुसरं दार खोलीत शिरताच दिसेल असं ठेवायला हवं. घरात झोपेतसुद्धा दार सापडतं, कारण ते रोजचं असतं. अनोळखी जागेत धुरात ते सापडत नाही.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. सोफ्याच्या कापडाची झीज मार्टिनडेल नावाच्या चाचणीत घासून मोजतात. घरासाठी 15,000 ते 25,000 घासण्या चालतात, वर्दळीच्या जागेला 30,000 च्या वर लागतात. ऑफिसात गालिचा अखंड न घालता 500 मिमीच्या चौकोनांत घालतात, म्हणजे डाग पडला की तेवढा एकच चौकोन उचलून बदलता येतो. मटेरियल निवडताना पुसणाऱ्या माणसाला विचारावं. कुठल्या खाचेत धूळ अडकते हे त्याला कॅटलॉगपेक्षा जास्त माहीत असतं.

कागदावरून भिंतीवर

हे सगळं शेवटी ड्रॉइंगमध्ये उतरतं. आधी बबल डायग्राम: कुठली जागा कुठल्या जागेला लागून हवी याचे नुसते गोल. मग 1:50 चा प्लॅन, भिंतींची एलिव्हेशन म्हणजे समोरून दिसणारी ड्रॉइंग, सेक्शन म्हणजे उभा छेद, छताचा प्लॅन, आणि सुतारासाठी 1:5 चे बारकावे. रेंडर गिऱ्हाइकाला खूश करतो. कारागीर तो बघतही नाही, त्याला आकडे लागतात. ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवसाच्या, आदल्या रात्री रेंडरवर सहा तास घालवणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे की त्यातले चार तास सेक्शनला द्या. उंची, जाडी आणि सांधे सेक्शनमध्येच दिसतात.

काकूंच्या ओट्याचं 820 चं माप मी एलिव्हेशनवर ठळक लिहून दिलं होतं. साइटवर गवंडीकाकांनी कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ताई, हे 820 कुठून धरायचं? आत्ताच्या कोब्यापासून, का फरशी बसल्यावर?" जुनी फरशी उखडून झाली होती, नवी यायची होती. मसाला आणि फरशी मिळून 50 मिमी चढणार होते. मी तयार फरशीची रेषा ड्रॉइंगवर काढलेलीच नव्हती. त्यांनी पाण्याची पारदर्शक नळी आणली, एक टोक मला धरायला दिलं, आणि शेजारच्या खोलीतल्या तयार फरशीची पातळी आम्ही ओट्याच्या भिंतीवर उतरवून घेतली. तिथं खडूनं रेषा मारली. त्या रेषेपासून टेप वर नेला आणि 820 वर दुसरी खूण केली. काकू मागून आल्या. फळ्यांचे तुकडे रचून गवंडीकाकांनी त्यांना होणाऱ्या फरशीच्या उंचीवर उभं केलं, आणि त्यांनी खुणेशी हात कोपरात वाकवून बघितला.